तांबडी भाजी की पालक? सासूबाई विरुद्ध डॉक्टर

रायबंदरची_वाट (धागाकर्ती) | मंगळवार, सकाळी ९:१२

मंडळी, गेले चार दिवस घरात एका जुडीवरून अबोला चाललाय, म्हणून हा धागा.

सासूबाईंचं (वय ७२) हिमोग्लोबिन ९.६ आलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही उठता उठता म्हणाले, "रोज पालक द्या खायला." झालं. नवरा त्याच संध्याकाळी पालकाच्या तीन जुड्या घेऊन हजर. बाजारातून कुणी शिळे बांगडे आणावेत, तसं आईंनी त्या जुड्यांकडे पाहिलं. "जल्मभर तांबडी भाजी खाली, आतां हो घाटा वयलो पालो कित्याक?" (म्हणजे, आता हा घाटावरचा पाला कशाला?)

नवऱ्याचं म्हणणं, डॉक्टरांनी पालक सांगितलाय तर पालकच. आईंचं म्हणणं, तांबडी भाजी खाऊन चार बाळंतपणं निभावली. मी मध्ये. फ्रीजमध्ये पालक पिवळा पडतोय.

प्रश्न सरळ आहे. लोह, कॅल्शियम वगैरे बघितलं तर दोन्हींत सरस काय? "दोन्ही चांगल्या असतात" असं उत्तर कृपया नको, ते मलाही देता येतं.

डिचोलीचो_बाजार | मंगळवार, सकाळी ९:३१

तांबडी भाजी. धागा बंद करा.

सातारी_मिरची | मंगळवार, सकाळी १०:०५

थांबा, बंद करू नका. मी पुण्यात असते. तांबडी भाजी म्हणजे आमचा लाल माठच ना? की वेगळं काही? दिवाळीच्या सुट्टीत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघितली होती, मुळांसकट विकत होत्या. आमच्याकडे मंडईत मुळं छाटलेली मिळते.

रायबंदरची_वाट | मंगळवार, सकाळी १०:२०

तोच तो लाल माठ. मुळांसकट का, तर पाण्यात उभी करून ठेवली की दुसऱ्या दिवशीही टवटवीत राहते. भाजीवाल्या बायका सांगतातच, "मुळां सयत व्हर गो बाय, फाल्यां मेरेन उरता."

निवृत्त_मास्तर | मंगळवार, दुपारी १२:४८

तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे असा प्रश्न दिसला की हात शिवशिवतात. आकडे देतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची नवी कोष्टकं काढली. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून नमुने गोळा करून तपासलेले आहेत, आणि लाल माठ व हिरवा माठ वेगवेगळे दिलेत, हे मला विशेष आवडलं. १०० ग्रॅम कच्च्या पानांत लाल माठात लोह साधारण सव्वासात मिलिग्रॅम, पालकात तीनला जरा कमी. कॅल्शियम लाल माठात २४५ च्या आसपास, पालकात ८२. क जीवनसत्त्व ८६ विरुद्ध ३०. प्रथिनं आणि चोथा, दोन्ही माठात पालकाच्या जवळपास दुप्पट. अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते बीटा कॅरोटीनही माठातच जास्त.

पालक जिंकतो तो फोलेटमध्ये. तिथे तोच जवळजवळ दुप्पट आहे. आणि का जिंकू नये, फोलिक ॲसिडला नावच पालकामुळे पडलं. १९४१ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी ढिगाने पालक घेऊन त्याच्या पानांतून ते वेगळं काढलं, आणि लॅटिनमध्ये पान म्हणजे फोलियम, त्यावरून नाव दिलं. डोळ्यांच्या पडद्याला लागणारं ल्युटिनही पालकात भरपूर असतं.

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

डिचोलीचो_बाजार | मंगळवार, दुपारी १२:५५

म्हटलं नव्हतं? करा बंद.

शंकासुर | मंगळवार, दुपारी २:१७

मास्तर, आदर राखून विचारतो. मी आत्ता अमेरिकेच्या कृषी खात्याचं कोष्टक उघडून बसलोय. त्यात माठाच्या पानांत लोह २.३२ आणि पालकात २.७१. म्हणजे पालक पुढे! तुमच्या कोष्टकात माठ अडीचपट पुढे. दोन्ही सरकारी, दोन्ही १०० ग्रॅम कच्च्या पानांचे. मग खरं कोणाचं? आकडे फेकून सासवा जिंकवायच्या असतील तर मीही माझ्या आईसाठी एखादं कोष्टक शोधतो.

पालकप्रेमी_पर्वरी | मंगळवार, दुपारी २:४०

पालकाच्या लोहाचा बोलबाला तर दशांशचिन्ह चुकल्यामुळे झाला ना? जर्मन शास्त्रज्ञाने ठिपका एक घर पुढे टाकला आणि आकडा दहापट झाला, असं शाळेत ऐकलं होतं. (आणि हो, नाव पालकप्रेमी असलं तरी मी पक्षपाती नाही.)

निवृत्त_मास्तर | मंगळवार, संध्याकाळी ६:०३

दशांशचिन्हाची गोष्ट वर्गात मीही रंगवून सांगायचो. मग २०१० साली एका ब्रिटिश अभ्यासकाने तिचा माग काढला, तर मुळाशी काहीच पुरावा सापडेना. चुकीची गोष्ट सांगणारी गोष्टच चुकीची. तेव्हापासून सोडून दिली.

आपल्याकडे मात्र याहून मोठी आणि खरी भानगड झालेली आहे. पोषण संस्थेच्याच जुन्या पुस्तकात, जे घरोघरच्या गृहविज्ञानाच्या वह्यांत उतरलं, कोवळ्या माठात लोह २५.५ मिलिग्रॅम आणि पालकात १०.९ असं छापलेलं होतं. पुढच्या सुधारित आवृत्तीत तेच आकडे ३.४९ आणि १.१४ झाले. माठ सातपट खाली, पालक जवळजवळ दहापट! कारण काय, तर नमुन्यात बाहेरचं लोह मिसळत होतं. पानांना चिकटलेली माती, कुटायची-दळायची लोखंडी साधनं. पाल्यातलं लोह मोजायचं म्हणजे मातीतलं लोह चुकवायचं, आणि आपली गोव्याची लोहखनिजाची माती कशी आहे ते डिचोलीकरांना मी सांगायला नको.

शंकासुर यांचा मुद्दा म्हणून रास्त आहे. लोह पानात किती, हे जात, जमीन, पानाचं वय आणि धुण्याची पद्धत, सगळ्यावर हलतं. अमेरिकन कोष्टकात "माठाची पानं" एवढंच म्हटलंय, लाल की हिरवा ते नाही. पण आता तुमच्याच कोष्टकात पुढे वाचा. कॅल्शियम? माठ २१५, पालक ९९. क जीवनसत्त्व? माठ ४३, पालक २८. फोलेट? पालक १९४, माठ ८५. म्हणजे कॅल्शियम आणि क मध्ये दोन्ही कोष्टकं माठाच्या बाजूने, फोलेटमध्ये दोन्ही पालकाच्या बाजूने. भांडण फक्त लोहात. आणि धागाकर्तीला नेमकं तेच हवंय, हे दुर्दैव.

शंकासुर | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मान्य. हे असं नीट सांगितलं की पटतं.

मडगावची_लिली | मंगळवार, संध्याकाळी ७:११

माझी आजी म्हणायची, भाजीचा रंगच रक्ताचा, म्हणून रक्त वाढतं. यात काही तथ्य? बीटाबद्दलही तेच सांगतात.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

रंगाचा आणि लोहाचा संबंध नाही. माठाचा आणि बीटाचा लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांचा. ती पाण्यात विरघळतात, म्हणून भाजी धुताना पाणी गुलाबी होतं. जांभळाचा, वांग्याच्या सालीचा रंग निराळा, तो ॲन्थोसायनिनचा. आणि गंमत अशी की हे दोन रंग एका झाडात एकत्र नांदत नाहीत.

जाता जाता, पालक आणि माठ भाऊबंद आहेत. दोघांचं कूळ एकच, बीट आणि चाकवतही त्याच घरातले. पालकाची जुडी हातात घेऊन बुंध्याशी बघा, मुळाजवळ गुलाबी झाक दिसते. खानदानी खूण. म्हणजे रायबंदरच्या घरात चाललंय ते चुलतभावांचं भांडण.

ताटवाटी | मंगळवार, रात्री ९:२६

मी आहारतज्ज्ञ आहे. इथे कुणाचा रिपोर्ट बघून सल्ला देणार नाही, पण दोन-तीन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली, पानात किती आहे त्यापेक्षा अंगी किती लागतं हे बघा. पालेभाजीतलं लोह शरीर फार थोडं उचलतं. धरून चाला की १०० ग्रॅम पानांत ७ मिलिग्रॅम आहे. त्यातलं रक्तात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम गेलं तरी मिळवलं. डॉक्टरांच्या गोळीत ६० ते १०० मिलिग्रॅम लोह असतं. त्यामुळे ९.६ वाल्या बाईने गोळी सोडून भाजीवर राहू नये, मग ती कुठल्याही रंगाची असो. आणि ७२ व्या वर्षी हिमोग्लोबिन उतरतं तेव्हा लोह जातंय कुठे, हे शोधावं लागतं. पोटात कुठे बारीक रक्तस्राव आहे का, बी-बारा कमी आहे का, मूत्रपिंड ठीक आहे का. हे तपासलं का ते डॉक्टरांना विचारा. भाजीचा धागा आहे म्हणून हे गिळून टाकणार नाही.

दुसरी, कॅल्शियमच्या आकड्यावर भाळू नका. पालकात ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमला धरून ठेवणारं द्रव्य, इतकं असतं की त्यातल्या कॅल्शियमचा साधारण विसावा हिस्साच अंगी लागतो. दुधातला पाव हिस्सा लागतो. माठातही ऑक्झलेट पालकाच्या बरोबरीने आहे, त्यामुळे २४५ वाचून कुणी दूध बंद करायला नको.

मुतखडा झालेल्यांनी दोन्ही भाज्या बेताने. त्यांनी भाजी उकळून पाणी टाकलं तर विरघळणारं ऑक्झलेट बरंच जातं, पण त्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेटही जातं. बाकीच्यांनी पाणी टाकण्याचं कारण नाही. पालक-पनीर विष आहे असे जे फॉरवर्ड फिरतात ते अर्धवट आहेत. पनीरातलं थोडं कॅल्शियम ऑक्झलेटला चिकटून वाया जातं हे खरं, पण तेवढं ऑक्झलेट रक्तात जायचं वाचतं, म्हणजे खड्याच्या दृष्टीने ते बरंच.

वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायचं औषध) घेणाऱ्यांनी मात्र या धाग्यातून स्फूर्ती घेऊन अचानक रोज जुडी सुरू करू नये. दोन्हींत के जीवनसत्त्व भरपूर, माठात तर पालकाहून जास्त. जेवढी खाता तेवढीच खात राहा आणि डॉक्टरांना सांगा.

रायबंदरची_वाट | मंगळवार, रात्री १०:०२

ताटवाटी, मनापासून आभार. गोळ्या चालू आहेत. बाकीच्या तपासण्यांचं उद्याच विचारते, ते खरंच डोक्यात आलं नव्हतं. मग भाजीतलं जे काही अर्धा मिलिग्रॅम लागतं ते वाढवायचं कसं? आईंचं जेवण म्हणजे उकड्या तांदळाचं शीत, हुमण (माशाची आमटी), आणि सोमवार-गुरुवार शिवराक, म्हणजे मासे-मांस बंद. भाजी शिवराकच्या दिवशीच जास्त होते, कारण इतर दिवशी मासे असले की भाजीकडे कोण बघतो?

ताटवाटी | मंगळवार, रात्री १०:३०

अहो, मग उलटं करा! माशा-मांसातल्या घटकांमुळे त्याच ताटातल्या भाजीचं लोह जास्त शोषलं जातं. लोहासाठी तांबडी भाजी हुमणाच्या दिवशीच ताटात हवी. शिवराकच्या दिवशी केलीत तर वरून लिंबू पिळा, किंवा जेवणात पेरूची फोड द्या. लिंबू गॅस बंद केल्यावर, शिजवताना नाही. भाजीत स्वतःचं क जीवनसत्त्व आहे, पण शिजताना त्यातलं बरंच उडतं.

आणि जेवल्या जेवल्या चहा नको. तास-दीड तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीलाही हेच लागू, चहा आणि दूध तिच्यासोबत नको.

मडगावची_लिली | मंगळवार, रात्री १०:४४

मग आमच्या घरची पद्धत बरोबरच म्हणायची. आम्ही तांबड्या भाजीत गालमो घालतो. सुक्या बारीक सुंगटांना, म्हणजे सुकटीला, मूठभर कांद्यात परतायचं आणि मग भाजी. मम्मीला हे शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं, तिला वास आवडायचा.

सातारी_मिरची | बुधवार, सकाळी ८:५०

आता रीतसर कृती येऊ द्या कुणीतरी. आम्ही लसूण-मिरचीवर परततो आणि शेवटी दाण्याचं कूट.

बांदोड्याची_सून | बुधवार, सकाळी ९:३५

दाण्याचं कूट! तांबड्या भाजीत! बाई, फोंड्याला येऊन हे बोलू नका.

घ्या कृती. भाजी आधी धुवायची, मग चिरायची. उलट केलंत तर अर्धा रंग मोरीत. तीन पाण्यांतून काढते मी, शेवटचं पाणी परातीत थांबवून तळाशी हात फिरवते, बारीक रेव राहिली असेल तर बोटाला लागते. पानं आणि कोवळे देठ बारीक चिरायचे. जून देठ वेगळे, ते डाळीत जातात. कढईत खोबरेल तेल, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची मधे चिरून, भरपूर कांदा. कांदा तांबूस करायचा नाही, नुसता मऊ. मग भाजी, मीठ. मीठ आत्ता कमी वाटतं तेवढंच घाला. ढीगभर भाजी बसून मूठभर होते, आणि नवीन मुलींची भाजी इथेच खारट होते. पाणी अजिबात नाही. झाकण ठेवून पाच मिनिटं, मग उघडी परतून सुकी करायची. उतरवताना ताजी सोय, म्हणजे खवलेला नारळ, भाजीच्या जवळजवळ पाव हिस्सा. गूळ चिमूटभर घालणारे घालतात, आम्ही नाही.

आमच्याकडे बिडाच्या कढईत होते. भाजी काळपट दिसते, पण चव निराळी.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी १०:१५

बघा, संस्थेने नमुन्यांतलं बाहेरचं लोह काढायला एवढा खटाटोप केला आणि ही बाई बिडाच्या कढईतून ते परत घालते आहे. घालत राहा. लोखंडी भांड्यात शिजवलेल्या पदार्थात लोह उतरतं हे सिद्ध झालेलं आहे, आंबट पदार्थात जास्तच. खोबरेल आणि नारळाचंही काम आहे, बीटा कॅरोटीन स्निग्धाशिवाय नीट शोषलं जात नाही.

पालकप्रेमी_पर्वरी | बुधवार, सकाळी ११:०२

पालकाच्या बाजूने कुणी बोलणार आहे की नाही? सूप होतं, पराठा होतो, डाळीत जातो, मुलं निमूट खातात. तांबडी भाजी एकाच पद्धतीने होते. फोलेट जास्त. निवडायला पाच मिनिटं. नोकरी करणाऱ्या बाईला विचारा तांबडी भाजी निवडायला किती वेळ लागतो.

रायबंदरची_वाट | बुधवार, सकाळी ११:२५

हे मात्र शंभर टक्के खरं. कालच वजनकाटा घेऊन बसले होते. तांबड्या भाजीची एक जुडी मुळांसकट ४२० ग्रॅम. मुळं, जून देठ, किडकी पानं काढून उरली २४० ग्रॅम, वेळ पंचवीस मिनिटं, बोटं तांबडी. पालकाची जुडी २६० ग्रॅम, निवडून २१०, वेळ सात मिनिटं. त्या पालकाची शिजल्यावर वाटीभरच झाली, हेही नोंदवून ठेवते.

दिवाडीचो_मळो | बुधवार, दुपारी ३:१८

बरेच दिवस वाचतोय, पहिल्यांदाच लिहितो. मराठी सांभाळून घ्या. माझा भाजीचा मळा आहे, वडिलांपासून.

इथे पालक होत नाही असं नाही. डिसेंबर-जानेवारीत थोडा होतो. पण त्याला थंडी पाहिजे. होळीच्या आसपास ऊन तापलं की पान सोडून तुरा काढायला लागतो आणि भाजी कडू होते. म्हणून तुमच्या बाजारातला पालक बहुतेक बेळगावहून चोर्ला घाटाने येतो. रात्री काढायचा, टेम्पोत भरायचा, पहाटे पणजीत. वाईट नसतो तो, पण ज्या दिवशी घाटात गाडी अडकते त्या दिवशी जुडीत हात घालून बघा, आतून गरम लागते.

तांबड्या भाजीला ऊन आवडतं. मुसळधार पावसात रोप झोडपून जातं, तेवढं सोडलं तर बारा महिने. बी मोहरीहून बारीक, काळं, चकचकीत. नुसतं फेकलं तर एका जागी झुपका पडतो, म्हणून सुकी रेती मिसळून फेकतात. पेरल्यावर पहिला शत्रू म्हणजे मुंग्या, रातोरात बी नेतात. माझी आई वाफ्याच्या कडेने रवा टाकायची. मुंग्या रव्यात गुंततात, तोवर बी रुजतं. तीन-चार दिवसांत उगवते आणि पंचवीस-तीस दिवसांत उपटायची. दहा-बारा चांगली झाडं बियाला राखतो, विकत बी आणत नाही.

सकाळी काढलेली अकरा वाजता बाजारात असते. कोष्टकात हे कुठे मोजतात ते मला माहीत नाही.

निवृत्त_मास्तर | बुधवार, दुपारी ४:०५

मळेवाले, तुमचं मराठी आमच्यापेक्षा चांगलं आहे. माठ उन्हात का माजतो याचंही कारण आहे. ऊस आणि मका ज्या पद्धतीने हवेतला कार्बन पकडतात तीच, सी-फोर म्हणतात ती, माठाकडे आहे. कडक उन्हात ती जास्त किफायतशीर पडते. पालकाकडे ती नाही. आणि तुम्ही शेवटी जे लिहिलंत ते बरोबर आहे. क जीवनसत्त्व आणि फोलेट दोन्ही पानं तोडल्यापासून कमी होऊ लागतात, उष्णतेत भराभर. घाटात गरम झालेल्या जुडीत १९४ फोलेट शोधायला जाऊ नये.

शंकासुर | बुधवार, दुपारी ४:२२

म्हणजे फोलेटमध्येही पालक हरला?

निवृत्त_मास्तर | बुधवार, दुपारी ४:३०

तसं म्हणत नाही. पुण्याच्या सातारी मिरचीबाईंना थंडीत ताजा पालक मिळतो, तिथे तो जिंकेल. रायबंदरला, नोव्हेंबरात, आदल्या रात्रीची जुडी असेल तर मी पैज लावणार नाही.

डिचोलीचो_बाजार | बुधवार, दुपारी ४:३३

मंगळवारी सकाळी साडेनऊलाच सांगितलं होतं.

मडगावची_लिली | बुधवार, संध्याकाळी ५:५०

अवांतर: पावसाळ्यात तायकिळो (टाकळा), अळू खाणारे कुणी आहेत का? त्यांचा पण धागा हवा.

बांदोड्याची_सून | बुधवार, संध्याकाळी ६:१२

जूनमध्ये काढा, आत्ता तोंडाला पाणी सुटून उपयोग नाही.

रायबंदरची_वाट | गुरुवार, रात्री ८:४०

अपडेट. डॉक्टरांना विचारलं, बी-बारा आणि आणखी दोन तपासण्या लिहून दिल्या. त्यांना तांबड्या भाजीबद्दलही विचारलं. हसले आणि म्हणाले, "पालेभाजी म्हणायचं होतं हो, तोंडात पालक आलं." एवढ्यासाठी आमच्या घरात सहा दिवस अबोला!

उरलेला पालक वाया जाऊ नये म्हणून आईंनीच काल करायला घेतला. कृती सगळी तांबड्या भाजीची. कांदा, मिरची, वर सोय. चव मला तरी चांगली लागली. आईंनी शिताशी कालवला, भाताकडे बघितलं आणि वाटी बाजूला सारली. "रंग खंय आसा हाका?" मग सांगितलं की मुलगा लहान असताना भाजी खायचा नाही. शीत गुलाबी करून दिलं की खायचा. तो मुलगा समोरच बसला होता, पालकाची तिसरी वाढ घेत.

दिवाडीचो मळो, बी विकता का? कुंडीत येईल?

दिवाडीचो_मळो | गुरुवार, रात्री ९:१५

बी विकत नाही, देतो. शनिवारी सकाळच्या फेरीबोटीने रायबंदरला येणार आहे, धक्क्यावर पुडी घ्या. पसरट कुंडी घ्या, खोल नको. बी मातीत पुरू नका, वर भुरभुरून हाताने नुसतं दाबा.

रायबंदरची_वाट | पुढच्या गुरुवारी, सकाळी ७:०५

पुडी मिळाली, रविवारी पेरली. रवा आईंनी स्वतः टाकला, गोल रांगोळीसारखा. मुंग्यांनी रवा नेला आणि एका कोपऱ्यातलं बीही नेलं. बाकीच्या कुंडीत आज सकाळी तांबूस सुयांसारखं काहीतरी वर आलंय. आई चष्मा मागताहेत.